फ्लॅजेलिनवर पहिल्यांदा काम करताना: जनुकापासून तंतूपर्यंत

जिवाणूला पोहायला लावणारी शेपटी म्हणजे फ्लॅजेलम (मराठी पाठ्यपुस्तकांतली कशाभिका). तिचा लांब तंतू जवळजवळ पूर्णपणे एकाच प्रथिनाचा बनलेला असतो. ते प्रथिन म्हणजे फ्लॅजेलिन. सिंथेटिक बायॉलॉजीत काम करणाऱ्यांना त्याचं आकर्षण आहे, कारण साधारण १० मायक्रोमीटर लांबीच्या एका तंतूत त्याच्या सुमारे २०,००० प्रती एकावर एक रचलेल्या असतात. तुमच्या पेप्टाइडचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचा) क्रम फ्लॅजेलिनच्या जनुकात बसवला की तो तंतूच्या पृष्ठभागावर २०,००० वेळा दिसतो, आणि रचना जिवाणू स्वतःच करतो.

हा लेख एमएस्सी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला असलेल्यांसाठी आणि आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीच्या विद्यार्थी-स्पर्धेच्या टीममध्ये पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी आहे. ई. कोलाय या जिवाणूचा के-१२ हा स्ट्रेन (वाण) धरून चाललो आहे. साल्मोनेलाच्या फ्लॅजेलिनवर अभ्यास जास्त झाला आहे, पण जिवंत साल्मोनेला हाताळायला बीएसएल-२ (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची) प्रयोगशाळा लागते. शिवाय त्यात फ्लायसी आणि एफएलजेबी अशी फ्लॅजेलिनची दोन जनुकं आलटून पालटून चालतात, त्यामुळे नवख्याचा गोंधळ दुप्पट होतो. के-१२ मध्ये एकच जनुक आहे: फ्लायसी.

## सुरुवातीला काय हवं

कागदपत्रं:

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे (आयबीएससी) प्रकल्पाची नोंद. भारतात जनुकबदल केलेल्या जिवाणूंवरचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं. के-१२ हा सर्वांत कमी धोक्याच्या गटात असला, तरी समितीला कळवल्याशिवाय क्लोनिंग सुरू करू नका.
- स्ट्रेन आणि प्लाझ्मिड (जिवाणूत घालायचं वर्तुळाकार डीएनए) ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याशी झालेला एमटीए (साहित्य-हस्तांतरण करार).
- प्रत्येक प्लाझ्मिडचा पूर्ण सिक्वेन्स. नुसता नकाशा पुरत नाही.

साहित्य:

- फ्लायसी काढून टाकलेला, पण बाकी फ्लॅजेलाची यंत्रणा शाबूत असलेला स्ट्रेन
- मूळ फ्लायसी असलेलं प्लाझ्मिड (हा कंट्रोल, तो वगळू नका)
- ट्रिप्टोन, मीठ, अगार
- बोथट टोकाची २३ गेजची सुई आणि १० मिलीची सिरिंज
- अल्ट्रासेंट्रिफ्यूज, नसेल तर अमोनियम सल्फेट आणि धीर
- पीएमएसएफ किंवा प्रोटिएज इनहिबिटरचं मिश्रण (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांना, म्हणजे प्रोटिएजना, रोखायला)
- १२ टक्के एसडीएस-पेज जेल (प्रथिनं वजनानुसार वेगळी करायला) आणि बीसीए किट (प्रथिन किती ते मोजायला)

## १. आधी प्रथिनाचा आराखडा डोक्यात बसवा

फ्लॅजेलिन वाकवलेल्या केसाच्या पिनेसारखं असतं. साखळी एका टोकापासून निघते, बाहेर जाते, वळते आणि परत त्याच टोकाशी येते. त्यामुळे एन-टोक (साखळीची सुरुवात) आणि सी-टोक (शेवट) शेजारी शेजारी, तंतूच्या अगदी आत असतात. आतून बाहेर जाताना चार भाग लागतात: डी०, डी१, डी२, डी३. डी० आणि डी१ तंतूचा गाभा बनवतात. डी२ आणि डी३ बाहेर डोकावतात.

के-१२ च्या फ्लायसीत ४९८ अमिनो आम्लं असतात आणि वजन सुमारे ५१ किलोडाल्टन भरतं. जिवाणू बदलला तरी दोन्ही टोकं जवळपास तशीच राहतात. मधला भाग मात्र लांबीलाही बदलतो आणि क्रमालाही. बॅसिलस सब्टिलिसच्या फ्लॅजेलिनमध्ये तर तो बाहेरचा भाग जवळजवळ नाहीच, सगळं प्रथिन ३०४ अमिनो आम्लांत आटोपतं, आणि तरी तो जिवाणू उत्तम पोहतो.

यातून कामाचा मुख्य नियम निघतो: मधला भाग तुमचा, टोकं जिवाणूची. टोकांना हात लावाल तर तंतू बनणार नाही. सी-टोकाला नेहमीच्या सवयीने सहा हिस्टिडीनचा टॅग (प्रथिन कॉलमवर पकडून शुद्ध करायची खूण) लावणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक आहे. ते टोक तंतूच्या आतल्या नळीच्या बाजूला बंद होतं. तिथे टॅग लागला की रचना बिघडते, आणि रचना झालीच तर टॅग कॉलमला सापडत नाही. टॅग हवाच असेल तर डी३ मध्ये घाला.

## २. योग्य स्ट्रेन निवडा

क्लोनिंगचा डीएच५-अल्फा आणि प्रथिनं बनवण्याचा बीएल२१ हे दोन्ही इथे निरुपयोगी. बीएल२१ मधून फ्लॅजेलाच्या जनुकांचा मोठा तुकडाच गायब आहे. त्यात तुम्ही फ्लॅजेलिन भरपूर बनवाल, पण ते पेशीतच साचेल.

के-१२ मध्येही सगळे सारखे पोहत नाहीत. एमजी१६५५ या के-१२ स्ट्रेनच्या ज्या साठ्यांत एफएलएचडीसी या मुख्य नियंत्रक जनुकांच्या वरच्या बाजूला इन्सर्शन सिक्वेन्स (जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) बसलेला आहे ते जोरात पोहतात. ज्यांत नाही ते मंद. एकाच नावाच्या दोन नळ्यांत असा फरक असतो. केइओ संग्रहाचा (एकेक जनुक काढलेल्या के-१२ स्ट्रेन्सच्या साठ्याचा) मूळ स्ट्रेन बीडब्ल्यू२५११३ मंद पोहणाऱ्यांतला आहे. तिथून फ्लायसी-डिलीशन आणलंत तर ते पी१ फाजने (डीएनए एका पेशीतून दुसरीत नेणाऱ्या जिवाणूंच्या विषाणूने) चांगल्या पोहणाऱ्या एमजी१६५५ मध्ये हलवा आणि मग डिलीशनच्या जागी बसलेली कॅनामायसिन-प्रतिकाराची कॅसेट एफएलपी या एन्झाइमने काढा.

एक अडचण इथेच येते. बीडब्ल्यू२५११३ अरॅबिनोज खात नाही, एमजी१६५५ खातो. अरॅबिनोज या साखरेने जनुक चालू करणारा पीबॅड प्रमोटर वापरणार असाल तर एमजी१६५५ मध्ये इंड्युसर (इथे अरॅबिनोज) संपत जातो आणि उशिराच्या नमुन्यात प्रथिन कमी दिसतं. अरॅबिनोज न खाणारा स्ट्रेन घ्या किंवा आयपीटीजी या रसायनावर चालणारा प्रमोटर निवडा.

## ३. पेप्टाइड कुठे आणि कसा बसवायचा

या पायरीवर आठवडाभर दिलात तर पुढचे तीन महिने वाचतात.

क्रमांकांचा घोळ. पेशीत फ्लॅजेलिनचं पहिलं मेथिओनिन कापलं जातं. रचनेवरचे लेख त्यानंतरच्या अमिनो आम्लापासून मोजतात, डेटाबेस मेथिओनिनपासून. म्हणजे लेखातला २१९ हा डेटाबेसमधला २२० असू शकतो. त्यातच साल्मोनेलाचे क्रमांक कोलायला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दोन्ही क्रम शेजारी मांडून जुळवावे लागतात. साल्मोनेलात डी३ साधारण १९० ते २८३ आहे. प्रायमर (क्लोनिंगसाठीचे डीएनएचे छोटे तुकडे) मागवण्याआधी जागेच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच अमिनो आम्लं अक्षरांत लिहून काढा आणि लेखातल्या चित्राशी ताडून पाहा.

सिद्ध झालेल्या जागांपासून सुरू करा. १९९५ साली आलेल्या फ्लायट्रेक्स पद्धतीत कोलायच्या फ्लायसीतला २४३ ते ३५२ हा भाग काढून तिथे अख्खं थायोरेडॉक्सिन बसवलं होतं, आणि त्याच्या सक्रिय वळणावर १२ अमिनो आम्लांचे यादृच्छिक पेप्टाइड. फक्त रंग किंवा धातू जोडायचा असेल तर एवढी उलथापालथ नको. फ्लायसीत स्वतःचं एकही सिस्टीन नाही. म्हणून २१९ किंवा ३५३ वरचं सेरीन बदलून सिस्टीन केलं, की मॅलेइमाइडचा रंग नेमका तिथेच चिकटतो आणि जिवाणू पोहत राहतो.

पेप्टाइडला नळीतून जायचं आहे. फ्लॅजेलिन पेशीतून बाहेर येतं ते तंतूच्या मधल्या, सुमारे २ नॅनोमीटर रुंदीच्या पोकळीतून. एवढ्या अरुंद जागेतून प्रथिन उलगडलेल्या अवस्थेतच सरकतं. म्हणून:

- १० ते ३० अमिनो आम्लांचा, पाण्यात विरघळणारा पेप्टाइड बहुतेक वेळा चालतो. ३०० च्या आसपास लांबीचे तुकडेही यशस्वी झाले आहेत, पण तिथून सुरुवात करू नका.
- पेशीतच पटकन आणि घट्ट घडी पडणारी प्रथिनं, उदाहरणार्थ जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन), नळीच्या तोंडाशी अडकतात.
- पाण्याला दूर सारणाऱ्या अमिनो आम्लांची लांब रांग टाळा.
- बसवलेल्या भागाची दोन टोकं एकमेकांच्या जवळ यायला हवीत. दोन्ही बाजूंना ग्लायसीन-सेरीनचे छोटे लिंकर द्या.

पुढचा भाग जपा. फ्लायसीच्या आधीचा न-भाषांतरित भाग (यूटीआर) आणि एन-टोकाकडचा २६ ते ४७ हा पट्टा निर्यातीसाठी लागतो. प्लाझ्मिडवर नेताना शक्य असेल तर मूळ यूटीआर सोबत घ्या.

आयजेमवाल्यांसाठी: आरएफसी१० या आयजेमच्या ठरलेल्या पद्धतीने डीएनएचे दोन भाग जोडलेत तर सांध्याच्या जागी फ्रेम (जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचायची मांडणी) बिघडते किंवा स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच संपवणारी खूण) येतो. प्रथिनाच्या मधोमध काही बसवायला ती पद्धत नाहीच. गोल्डन गेट किंवा गिब्सन या डीएनए जोडायच्या पद्धती वापरा, नाहीतर सरळ पूर्ण जनुक बनवून मागवा.

## ४. पोहतंय का ते पाहा

क्लोन सिक्वेन्स झाला की लोक थेट लिटरभर कल्चर लावतात. थांबा. दहा रुपयांचं अगार तुम्हाला आधी उत्तर देईल.

१ टक्का ट्रिप्टोन, ०.५ टक्के मीठ, ०.२५ टक्के अगार. ऑटोक्लेव्ह करून ५० °से. पर्यंत निवू द्या, अँटिबायोटिक आणि इंड्युसर घाला, प्रत्येक प्लेटमध्ये २५ मिली ओता आणि झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास टेबलावरच राहू द्या. हे अगार बेताचं घट्ट होतं. प्लेट उलटी केलीत तर सगळं झाकणात येईल, आणि तिरकी धरलीत तरी चीर पडते.

निर्जंतुक टूथपिकने वसाहत उचलून अगारच्या निम्म्या खोलीपर्यंत टोचा. वर नुसती पसरू नका. एका प्लेटवर चार ठिकाणी:

1. मूळ पोहणारा स्ट्रेन
2. फ्लायसी नसलेला, रिकामं प्लाझ्मिड घातलेला
3. फ्लायसी नसलेला, मूळ फ्लायसीचं प्लाझ्मिड घातलेला
4. फ्लायसी नसलेला, तुमच्या फ्लायसीचं प्लाझ्मिड घातलेला

३० °से. ला ८ ते १२ तास. प्लेट उजेडासमोर धरून पाहा. पोहणाऱ्याचं धुरकट वर्तुळ काही सेंटिमीटर पसरलेलं असतं आणि त्याची बाहेरची कड स्पष्ट दिसते. न पोहणारा टोचल्या जागी दाट ठिपका होऊन बसतो. तिसरं ठिकाण पसरलं नाही तर दोष प्लाझ्मिडमध्ये किंवा इंडक्शनमध्ये आहे. मग चौथ्याकडे बघून काही निष्कर्ष काढू नका.

चौथा मंद पसरला तरी घाबरू नका. पण ठिपक्यातून एकाच बाजूला पंख्यासारखी फांदी फुटली तर ती पेशी बदललेली आहे. कित्येकदा तुमचा पेप्टाइड गाळून टाकलेली. ‘सर्वांत चांगली पोहणारी’ म्हणून तीच उचलण्याचा मोह होतो. उचललीत तर आधी सिक्वेन्स करा.

आणि उलटही घडतं. तंतू आहे, पण सरळ काठीसारखा. पोहायला नागमोडी वळण लागतं, त्यामुळे प्लेटवर उत्तर ‘नाही’ येतं. नॅनोनळ्या बनवायच्या असतील तर सरळ तंतूही चालतो. म्हणून प्लेटवर न पसरलेले नमुने टाकून देण्याआधी र्‍यू रंगाने (फ्लॅजेला सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात म्हणून द्यायच्या रंगाने) पाहा. ५ टक्के फिनॉल १० मिली, टॅनिक आम्ल २ ग्रॅम, तुरटीचं संपृक्त द्रावण १० मिली हे मिश्रण दहा भाग. ९५ टक्के अल्कोहोलमधलं १२ टक्के क्रिस्टल व्हायोलेट एक भाग. काचेवर कल्चरचा थेंब, वर कव्हरस्लिप, कडेला रंगाचा थेंब. तो आपोआप आत ओढला जातो. दहा मिनिटांनी तेलाच्या लेन्सखाली, रंग आणि कल्चर जिथे मिसळतात त्या पट्ट्यात शोधा. फिनॉल त्वचा भाजतं, हातमोजे घालाच.

## ५. वाढवताना घ्यायची काळजी

ट्रिप्टोन ब्रॉथ, ३० ते ३५ °से., साधारण १०० ते १२० आरपीएम. ग्लुकोज घालू नका: एफएलएचडीसी चालू व्हायला सीएएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू लागतो, ग्लुकोज तो दाबतं आणि फ्लॅजेला बनतच नाहीत. शेकर २०० च्या वर नेलात तर तंतू तुटून माध्यमात जातात आणि स्पिननंतर तुम्ही ते बेसिनमध्ये ओतता.

ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) १ च्या आसपास काढा. किती मिळेल याचा अंदाज आधीच बांधा: पेशीवर सरासरी चार तंतू, प्रत्येकात २०,००० प्रती, ५१ किलोडाल्टन, आणि लिटरमध्ये सुमारे ८ × १०¹¹ पेशी. गणित ५ मिलिग्रॅमच्या जरा वर जातं. हातात येतं ते याहून कमी. कोणी लिटरमागे १०० मिलिग्रॅम ‘शुद्ध तंतू’ मिळाले म्हणाला, तर त्यात दुसरं काय आहे ते आधी पाहायला हवं.

## ६. तंतू वेगळे करणं

1. ५,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट) १५ मिनिटं, ४ °से. पेलेट (तळाशी बसलेला गोळा) २० मिली थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाच्या बफरमध्ये) हलक्या हाताने मिसळा. व्हॉर्टेक्स नको. १ मिलिमोलर पीएमएसएफ घाला.
2. बर्फावर ठेवून २३ गेजच्या बोथट सुईतून ३० वेळा ओढा-सोडा. फेस येऊ देऊ नका, फेसात प्रथिन खराब होतं. शेवटी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा: पेशी अखंड, पण पोहणं थांबलेलं.
3. १०,००० जीवर २० मिनिटं. सुपरनेटंट (वरचं द्रावण) घ्या आणि हीच पायरी पुन्हा करा. दुसऱ्यांदा न केल्यास पेशी सोबत येतात.
4. १,००,००० जीवर १ तास. चांगला पेलेट शिजलेल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक असतो, इतका की नळी रिकामी वाटते. नळीच्या बाहेरच्या बाजूला स्पिनच्या आधीच पेनने खूण करून ठेवा. मधोमध पांढरट-तपकिरी ठिपका दिसला तर ते पेशीपटलाचे तुकडे.
5. १ मिली बफर घालून रात्रभर ४ °से. ला ठेवा, तो आपोआप सुटतो. पिपेटने जोर लावलात तर तंतू तुकडे तुकडे होतात.

इथे शिंतोड्यांचा विचार करा. फ्लॅजेलिन आपल्या शरीरातल्या टीएलआर५ या रोगप्रतिकार यंत्रणेच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं आणि श्वासातून गेलं तर दाह होऊ शकतो. सुईचं काम कॅबिनेटमध्ये करा. टोकदार सुई वापरू नका.

अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर: तिसऱ्या पायरीनंतरचं सुपरनेटंट १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने सावकाश पीएच २ ला आणा आणि अर्धा तास ढवळा. तंतू सुटे होतात. गढूळपणा स्पिन करून काढा, पीएच ७.२ ला आणा आणि अमोनियम सल्फेट दोन तृतीयांश संपृक्ततेपर्यंत (खोलीच्या तापमानाला १०० मिलीमागे सुमारे ४३ ग्रॅम) चिमटीचिमटीने घाला. रात्रभर थंडीत ठेवून स्पिन करा, मग डायलिसिस (पातळ पडद्यातून क्षार काढणं). शुद्धता थोडी कमी मिळते, पण जेलवर काम चालतं.

## ७. सुटं करणं, पुन्हा जोडणं

फ्लॅजेलिनचं शुद्धीकरण कॉलमवर अवलंबून नाही. तंतू सुटा होतो आणि पुन्हा जुळतो, हीच चाळणी. १९६४ साली जपानमध्ये फ्लॅजेला नळीत पुन्हा उभारून दाखवल्या गेल्या, आणि तीच युक्ती आजही चालते.

सुटं करणं: ६५ °से., १५ मिनिटं. मग पुन्हा १,००,००० जीवर १ तास. या वेळी फ्लॅजेलिन वर राहतं आणि पटलाचा कचरा खाली बसतो.

जोडणं: २ ते ५ मिलिग्रॅम प्रति मिली, फॉस्फेट बफर पीएच ७, १५० मिलिमोलर मीठ. नुसतं ठेवून दिलंत तर फारसं काही होत नाही, विरजण लागतं. थोडे जुने तंतू सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी तोडून) छोटे तुकडे करा आणि वीस भागांना एक भाग या प्रमाणात घाला. खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा. नवं प्रथिन त्या तुकड्यांच्या टोकाला लागत जातं. विरजण नसेल तर ०.६ ते ०.८ मोलर अमोनियम सल्फेट घाला, पण मग तंतू आखूड आणि पुष्कळ होतात. मीठ फार वाढलं तर तंतूंऐवजी नुसता गाळ येतो.

जोडणी होत नसेल तर पहिला संशय टोकांवर घ्या. सुट्या फ्लॅजेलिनची दोन्ही टोकं द्रावणात सैल लोंबकळत असतात आणि प्रोटिएज ती आधी कुरतडतात. जेलवर ५१ च्या खाली ४१ च्या आसपास पट्टा दिसला तर तेच झालं आहे. साल्मोनेलाच्या ज्या तुकड्याची स्फटिकरचना २००१ साली मिळाली तो असाच, टोकं कापलेला आणि त्यामुळे तंतू न बनवणारा, ४१ किलोडाल्टनचा होता. पीएमएसएफ पाण्यात लवकर निकामी होतं. सुटं करण्याच्या पायरीआधी ताजं घाला.

## ८. मोजताना

नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर) २८० नॅनोमीटरचं वाचन घेऊन पुढे जाऊ नका. फ्लायसीत ट्रिप्टोफॅन नाही, त्यामुळे शुद्ध नमुना खूपच कमी दाखवतो. जास्त दाखवला तर ते डीएनए किंवा दुसरं प्रथिन. बीसीए करा. जोडणी झाली का हे पाहायला स्पिननंतरचं पेलेट आणि सुपरनेटंट शेजारी शेजारी जेलवर चालवा. हा पुरावा गढूळपणापेक्षा भरवशाचा.

## ९. कुठल्या कामाला कुठलं रूप

हे क्लोनिंगच्या आधीच ठरवा.

*लसीचा सहायक किंवा टीएलआर५ चाचणी:* सुटं फ्लॅजेलिन हवं. टीएलआर५ ओळखतो तो डी१ मधला ८९ ते ९६ चा भाग तंतूत शेजाऱ्यांमध्ये दडलेला असतो. २००८ च्या आयजेममध्ये पहिलं बक्षीस मिळवणाऱ्या स्लोव्हेनियाच्या टीमचं कामही यालाच धरून होतं: हेलिकोबॅक्टरचं फ्लॅजेलिन टीएलआर५ ला चकवतं, म्हणून त्याचे ते तुकडे कोलायच्या तुकड्यांनी बदलले. कोलायमधून आलेल्या नमुन्यात एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या बाहेरच्या पटलातला दाह करणारा घटक) असणारच. ते ट्रायटन एक्स-११४ या डिटर्जंटने काढा आणि एंडोटॉक्सिन ओळखणाऱ्या लिम्युलस चाचणीने तपासा. एचईके२९३ या मानवी पेशींत थोडा टीएलआर५ मुळातच असतो, त्यामुळे ‘ग्राहक नसलेला’ कंट्रोल म्हणून त्या वापरल्यास फसाल.

*धातू किंवा सिलिकाच्या नॅनोनळ्या:* अखंड तंतू, डी३ मध्ये हिस्टिडीन किंवा सिस्टीनची वळणं. बफरमध्ये फॉस्फेट नको, धातूचे क्षार त्यात गाळ होऊन बसतात.

*तंतूवर एन्झाइम:* डी३ च्या जागी एन्झाइम बसवता येतो. २०११ साली हंगेरीतल्या गटाने झायलनेज हे एन्झाइम असंच बसवून, तंतू बनवणारं आणि तरी काम करणारं प्रथिन दाखवलं.

*प्रथिन माध्यमात सोडायचं:* फ्लायडी हे टोकाचं झाकण काढा. झाकण नसलं की फ्लॅजेलिन जुळत नाही, बाहेर वाहून जातं, आणि पेशी न फोडता ते माध्यमातून गोळा करता येतं.

## १०. साठवण

तंतू ४ °से. ला ०.०२ टक्के सोडियम अझाइडमध्ये काही आठवडे राहतात. गोठवू नका, वितळताना तुटतात. सुटं फ्लॅजेलिन छोट्या नळ्यांत वाटून –८० ला ठेवा आणि वितळलेली नळी परत गोठवू नका. पेशींवर वापरायच्या नमुन्यात अझाइड घालू नका; नळीवर ‘अझाइड आहे’ किंवा ‘नाही’ हे, पीएमएसएफची तारीख आणि सुटं की तंतू, एवढं ठळक लिहा. दोन्ही रूपं डोळ्यांना सारखीच दिसतात, जेलवरही एकाच जागी धावतात, आणि सहा महिन्यांनी ओळखायला त्या लेबलाशिवाय काही नसतं.